खेळ लखलखीत, चित्रफीत गढूळ

पुणे-बंगळुरू महामार्गालगत, कर्नाटकच्या सीमेला जवळजवळ खेटून वसलेल्या कागल पंचतारांकित एमआयडीसीत इंजिने बनतात, ओतकाम चालते, कापडही विणले जाते. तिथल्या कारखान्यांत पाळी संपवून कसबा सांगाव, तळंदगे किंवा कागल गावातल्या भाड्याच्या खोलीवर परतणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा दिवस मात्र पाळीबरोबर संपत नाही. जेवण उरकले की मोबाइल किंवा संगणक सुरू होतो आणि खेळ रंगतो. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. या सगळ्या ये-जा प्रकारात एक गोष्ट मात्र वाढतच राहिली. खेळ नुसता खेळायचा नाही, तर तो मुद्रित करून यूट्यूबवर चढवायचा, ही हौस. काहींच्या बाबतीत ती हौस राहिलेली नाही. चार पैसे मिळवण्याचा तो गंभीर प्रयत्न असतो.

आणि इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. खेळताना पडद्यावर गवताचे पाते न् पाते स्पष्ट दिसत असते. चढवलेल्या चित्रफितीत त्याच गवताचा हिरवा चिखल झालेला असतो. शत्रू धावत येतो तेव्हा त्याच्याभोवती चौकोनी ठोकळे उमटतात, धुराचा लोट पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, कोपऱ्यातला लाल आकडा फिसकटतो. मित्रांना विचारले की उत्तर ठरलेले असते: कार्ड बदल. मग हप्त्यावर नवे ग्राफिक्स कार्ड येते, तीस-चाळीस हजारांचा खड्डा पडतो, आणि चिखल बऱ्याचदा तसाच राहतो. कारण दोष यंत्रात नसून ध्वनिचित्रमुद्रणाच्या मांडणीत, म्हणजे एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये असतो. ही सेटिंग नेमकी कशी बसवायची, याचा हा ऊहापोह.

आधी एक गणित पाहू. आजकालचा सर्वसाधारण पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला तीन बाइट लागतात. एका सेकंदात अशा ६० फ्रेम घेतल्या तर सेकंदाला सुमारे ३७३ मेगाबाइट एवढी माहिती तयार होते. एक टेराबाइटची कोरी हार्ड डिस्क या वेगाने पाऊण तासाच्या आत भरेल. उलट, साठ फ्रेमच्या १०८० रेषांच्या चित्रफितीसाठी यूट्यूब सुचवते तो बिटरेट सेकंदाला १२ मेगाबिट एवढाच आहे. म्हणजे मूळ माहितीच्या अडीचशे भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकी सोडून द्यायचे. दुसऱ्या शब्दांत, एका ठिपक्याच्या वाट्याला एक दशांश बिटही येत नाही. असे असूनही चित्र दिसते, हेच खरे आश्चर्य आहे.

हे साधते ते दोन युक्त्यांमुळे. पहिली युक्ती अशी की लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये बहुतेक भाग सारखाच असतो. तेव्हा प्रत्येक फ्रेम नव्याने लिहिण्याऐवजी ‘मागच्या फ्रेममधला हा चौकोन चार ठिपके उजवीकडे सरकला’ एवढेच लिहून ठेवायचे. अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण लिहायची, तिला कीफ्रेम म्हणतात. मधल्या सगळ्या फ्रेम तिच्या आधाराने उभ्या राहतात. दुसरी युक्ती डोळ्यांच्या मर्यादेवर उभी आहे. चौकोनातील रंगछटांचे रूपांतर मंद आणि जलद चढउतारांच्या आकड्यांत करायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक चढउतार ढोबळ करून टाकायचे. किती ढोबळ करायचे, हा सेटिंगचा खरा प्रश्न असतो.

या दुसऱ्या युक्तीमागचे गणित एका भारतीयाच्या डोक्यातून आले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी १९७२मध्ये या रूपांतराची कल्पना मांडून तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. कल्पना फारच साधी आहे, असा शेरा एका परीक्षकाने मारला आणि निधी मिळाला नाही. अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जेपीजी छायाचित्रांपासून मोबाइलवरच्या चित्रफितींपर्यंत सगळीकडे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावाचे ते गणित किंवा त्याची सुधारित रूपे वापरली जातात. २००३मध्ये पूर्ण झालेले एच.२६४ हे प्रमाण आणि त्यानंतरचे २०१३चे एचईव्हीसी हे त्याच घराण्यातले. २०१८मध्ये आलेल्या एव्ही१मध्येही हे रूपांतर आहेच.

गवत सर्वांत महाग

चित्रपट आणि खेळ यांत एन्कोडरच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. नायकाचा चेहरा स्पष्ट आणि मागची गर्दी धूसर. कॅमेरा वेगाने फिरला तर चित्र आपोआप फरफटलेले. धूसर आणि फरफटलेले चित्र लिहायला फार बिट लागत नाहीत. खेळात यातले काहीच नसते. साठ फ्रेम, दूरच्या डोंगरापासून जवळच्या दगडापर्यंत सारे काही धारदार आणि खेळाडूने माउस झटक्यात वळवला की एका क्षणात संपूर्ण दृश्यच बदलते. ‘चौकोन उजवीकडे सरकला’ ही युक्ती तिथे निम्मी निकामी होते, कारण नव्याने दिसू लागलेला भाग मागच्या फ्रेममध्ये नव्हताच.

त्यात गवताची भर. वाऱ्यावर हलणारे प्रत्येक पाते वेगळ्या दिशेला जाते. त्याला ‘सरकले’ म्हणून मोकळे होता येत नाही. पाऊस, बर्फ, उडणारी धूळ, स्फोटानंतरच्या ठिणग्या यांचेही तसेच. शिवाय पडद्यावर आयुष्यरेषा, नकाशा आणि गोळ्यांचा आकडा जागच्या जागी स्थिर असतात आणि त्यांच्यामागचे जग धावत असते. एकाच चौकोनात स्थिर अक्षर आणि पळणारी पार्श्वभूमी आली की एन्कोडर गोंधळतो आणि अक्षराच्या कडेला किडे चावल्यासारखे दिसू लागते.

म्हणूनच ‘अमुक बिटरेट ठेवा’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बुद्धिबळाचा डाव मुद्रित करायला दोन मेगाबिट पुष्कळ झाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेल्या ‘राजी’ या खेळासारखी दूरच्या कॅमेऱ्यातून दिसणारी दृश्ये असतील, तर मध्यम आकडा चालून जातो. बीजीएमआयमधील एरँगल नकाशावरच्या शेतांतून धावायचे असेल, तर त्याच आकड्यात चिखल ठरलेला.

आकडा बिटरेटचा की दर्जाचा?

संगणकावर मुद्रणासाठी बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ ही मोफत प्रणाली वापरतात. तिच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर पहिला गोंधळ होतो तो ‘रेट कंट्रोल’ या शब्दाशी. सीबीआर, व्हीबीआर, सीक्यूपी, सीआरएफ अशी अक्षरे समोर येतात आणि माणूस आहे तेच राहू देतो.

यातले सीबीआर म्हणजे दर सेकंदाला ठरावीक बिट. दृश्य स्थिर असो की धामधुमीचे, वाटा सारखाच. थेट प्रक्षेपणासाठी हे योग्य आहे, कारण तिथे इंटरनेटची नळी ठरावीक जाडीची असते. पण आपल्याच हार्ड डिस्कवर मुद्रण करताना असे बंधन कशाला? खेळाडू यादीत शस्त्रे निवडत असताना बिट वाया जातात आणि लढाई पेटते तेव्हा कमी पडतात. मुद्रणासाठी दर्जा ठरवून द्यावा आणि बिट किती लागतील ते एन्कोडरवर सोडावे. सीक्यूपी आणि सीआरएफ या त्यासाठीच्या पद्धती. पहिलीत ढोबळपणाचे प्रमाण कायम ठेवले जाते; दुसरीत वेगवान दृश्यांत, जिथे डोळ्याला कमी दिसते तिथे, ते किंचित वाढवले जाते.

इथे एक उलटी खूण लक्षात ठेवायची. आकडा जितका लहान, तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरमध्ये पट्टी ० ते ५१ अशी आहे आणि मूळ मांडणीत २३ हा आकडा असतो. १८च्या आसपास आले की मूळ चित्र आणि मुद्रित चित्र यांतला फरक सामान्य डोळ्याला सहसा कळत नाही. आकडा सहाने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते, सहाने वाढवला की निम्मी. ज्याला पुढे संपादन करायचे आहे त्याने १६ ते २० या पट्ट्यात राहावे, त्याखाली जाणे म्हणजे निव्वळ डिस्क भरणे होय. मात्र प्रत्येक एन्कोडरची पट्टी वेगळी असते. एक्स२६४चा २० आणि एव्ही१चा २० एकच नव्हे. एचईव्हीसीच्या एक्स२६५ एन्कोडरची मूळ मांडणीच २८वर आहे. मित्राच्या सेटिंगचा आकडा उचलून आपल्या वेगळ्या कार्डावर बसवण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

ओबीएसची साधी मांडणी वापरणाऱ्यांनी आणखी दोन जागा तपासाव्यात. मुद्रणाच्या दर्जासमोर ‘सेम ॲज स्ट्रीम’ हा पर्याय असेल, तर थेट प्रक्षेपणासाठी ठेवलेला काही हजार किलोबिटचाच बिटरेट मुद्रणालाही लागू होतो. गवताच्या चिखलाचे हे एक अगदी सर्रास आढळणारे कारण आहे आणि ते हटवायला पैसा लागत नाही. दुसरे, व्हिडिओच्या पानावर मूळ आकार १०८० आणि बाहेर पडणारा आकार ७२० असे तर नाही ना, हे पाहावे. तसे असेल तर चित्र लहान होऊनच फाइलमध्ये जाते आणि नंतर ताणून मोठे केले तरी गेलेले ठिपके परत येत नाहीत.

काम कोणाकडे द्यायचे?

एन्कोडिंग दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, म्हणजे एक्स२६४ वापरून. किंवा ग्राफिक्स चिपमध्ये खास त्याच कामासाठी कोरलेल्या मंडलावर. इंटेलने २०११पासून आपल्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक दिले, एनव्हिडियाने २०१२पासून कार्डांत एनव्हेंक दिले, एएमडीचेही स्वतःचे मंडल आहे. सुरुवातीच्या काळात या मंडलांचा दर्जा यथातथाच होता आणि जाणकार नाके मुरडत. एनव्हिडियाच्या २०१८च्या ट्युरिंग पिढीनंतर ही तक्रार बरीचशी मिटली. प्रोसेसरला अमर्याद वेळ दिला तर तो अजूनही तेवढ्याच बिटमध्ये सरस चित्र देतो. पण खेळ चालू असताना त्याच्याकडे वेळ असतोच कुठे? फ्रेमच्या साठाव्या भाग सेकंदात काम आटोपले नाही, की ती फ्रेम गळते. गळलेली फ्रेम नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. म्हणून खेळ मुद्रित करताना मंडल वापरावे, थोडे जास्त बिट द्यावेत आणि प्रोसेसर खेळासाठी मोकळा ठेवावा. साध्या लॅपटॉपवरही क्विक सिंक असते आणि ते कित्येकांनी कधी उघडूनही पाहिलेले नसते.

फ्रेम गळण्याचे दुसरे, कमी परिचित कारण म्हणजे ग्राफिक्स कार्ड खेळातच शंभर टक्के गुंतणे. मग ओबीएसला दृश्य जुळवायलाच वेळ मिळत नाही आणि एन्कोडर रिकामा बसूनही चित्र अडखळते. अशा वेळी खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा साठवर बांधून टाकावी किंवा सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली आणावा. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत जुळवणीत हुकलेल्या आणि एन्कोडिंगमध्ये वगळलेल्या फ्रेम वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. दुखणे कुठे आहे ते तिथे कळते. पहिला आकडा वाढत असेल तर नवे एन्कोडर सेटिंग शोधून उपयोग नाही.

एच.२६४ घ्यावे, एचईव्हीसी की एव्ही१, हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतो. एव्ही१ कमी बिटमध्ये चांगले चित्र देते यात शंका नाही. २०२२मध्ये आलेल्या इंटेल आर्क, एनव्हिडिया आरटीएक्स ४० आणि एएमडी आरएक्स ७००० या मालिकांपासून ते कार्डांतच करता येते. परंतु जुन्या संगणकावर अशी फाइल संपादनाला घेतली की पडदा अडखळत पुढे सरकतो. ज्याचा संगणक चार-पाच वर्षांचा आहे त्याने एच.२६४ला धरून राहावे. डिस्कवर जागा थोडी जास्त जाईल, पण रात्री बाराला संपादन करताना डोके तापणार नाही.

ओतीव आणि तयार

कागलच्या तरुणाला पुढचा मुद्दा इतरांपेक्षा लवकर पटेल. फाउंड्रीत कास्टिंग ओतताना ते तयार मापाचे ओतत नाहीत. ज्या पृष्ठभागावर पुढे यंत्रकाम व्हायचे असते, तिथे काही मिलिमीटर जादा माल सोडतात. नेमक्या मापाचे ओतले तर लेथवर काढायला काही उरतच नाही आणि नग बाद होतो. मुद्रित चित्रफितीचेही तसेच. मुद्रण हे ओतीव आहे, यूट्यूबवर जायची फाइल हा तयार नग. मधे संपादन होते, कापाकापी होते, मजकूर चढतो आणि सगळे पुन्हा एकदा एन्कोड होते. त्यानंतर यूट्यूब आपल्या सोयीने तिसऱ्यांदा एन्कोड करते. प्रत्येक वेळी थोडा माल झडतो. मुद्रणच जर बारा मेगाबिटमध्ये केले असेल, तर तिसऱ्या कापानंतर काय उरणार?

म्हणून मुद्रण सढळ असावे. १०८० रेषा आणि ६० फ्रेमसाठी सेकंदाला ४० ते ५० मेगाबिट लागले तरी घाबरू नये. तासाला फाइल किती होईल याचा सोपा हिशेब असा: मेगाबिटच्या आकड्याला ०.४५ने गुणले की गिगाबाइट मिळतात. ४० मेगाबिटला १८ गिगाबाइट, ५०ला साडेबावीस. यासाठी महागडी एसएसडीच हवी असे सांगणारे भेटतात; पण ५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट, आणि एवढे तर जुनी फिरती हार्ड डिस्कही आरामात लिहिते. खेळ एसएसडीवर आणि मुद्रण दुसऱ्या साध्या डिस्कवर, ही वाटणी उत्तम. संपादन होऊन चित्रफीत चढली की ओतीव फाइल पुसून टाकावी; सगळेच जपून ठेवणाऱ्याच्या डिस्कला तळ नसतो.

याच कोल्हापुरात १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला होता. त्या काळी फिल्मचा फूट न् फूट मोजून वापरावा लागे. आज मुद्रण जवळजवळ फुकट आहे, आणि टंचाई आली आहे ती वेगळ्याच जागी, अपलोडच्या डेटाची.

त्याकडे वळण्याआधी विजेचा प्रश्न. मुद्रण एमपी४ स्वरूपात चालू आहे, तास होत आला आहे आणि वीज गेली. फाइल डिस्कवर दिसते, आकारही भरघोस असतो, पण ती उघडत नाही. कारण साध्या एमपी४मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची मुद्रण संपताना लिहिली जाते. सूचीच नाही तर पुस्तक असून नसल्यासारखे. एमकेव्ही स्वरूपात माहिती तुकड्यातुकड्याने पूर्ण होत जाते, त्यामुळे वीज गेली तरी तोवरचा भाग हाती राहतो. २०२४पासून ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ हा तितकाच भक्कम पर्यायही आला आहे. संपादनाच्या प्रणालीला एमकेव्ही चालत नसेल तर ओबीएसमधील ‘रीमक्स’ या सोयीने ती फाइल एमपी४ करता येते. त्यात चित्र नव्याने एन्कोड होत नाही, केवळ वेष्टन बदलते आणि फाइल मोठी असली तरी काम झटपट आटोपते. इन्व्हर्टर नसलेल्या खोलीत राहणाऱ्यांनी ही एक गोष्ट आजच बदलून घ्यावी.

रंगांविषयी थोडक्यात. चित्रफितीत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवली जाते. निसर्गदृश्यात हे कळत नाही; काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल बारीक अक्षरात कळते. ते अक्षर फिसकटणे हा आपल्या सेटिंगचा दोष नसतो आणि बिटरेट वाढवून तो जात नाही. खेळातच अक्षरांचा आकार वाढवता येत असेल तर वाढवावा. रंगांची व्याप्ती ‘लिमिटेड’ आणि रंगप्रमाण ‘७०९’ असे ठेवावे. ‘फुल’ हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून तो निवडणाऱ्यांच्या चित्रफितीत काळा रंग एकतर राखाडी होतो, नाहीतर अंधारातले सगळे तपशील गिळले जातात.

आवाजाकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ. १९२ किलोबिटचा आवाज तासाला जेमतेम ८६ मेगाबाइट खातो; तिथे काटकसर करण्यात हशील नाही. मात्र खेळाचा आवाज आणि स्वतःचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावा. एकाच ट्रॅकवर मिसळलेला पंख्याचा घरघराट नंतर वेगळा काढणे महाकर्मकठीण.

मोबाइलवरचे मुद्रण

बहुसंख्य मुले संगणकावर नव्हे, मोबाइलवर खेळतात. आयफोनमध्ये २०१७च्या आयओएस ११पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२०च्या ११व्या आवृत्तीपासून पडद्याच्या मुद्रणाची सोय अंगभूत आहे. अनेक कंपन्यांनी ती त्याआधीही दिली होती. इथे निवडीला वाव कमी असतो, पण जो आहे तो नीट वापरावा. खेळ स्वतःच तीस फ्रेमने चालत असेल, तर मुद्रण साठ फ्रेमने करून केवळ प्रत्येक फ्रेम दोनदा लिहिली जाते. बिटरेट निवडता येत असेल तर सर्वांत वरचा घ्यावा, हे ओतीवच आहे. फोन तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो, त्यात खेळही अडखळतो आणि मुद्रणही. उन्हाळ्याच्या दिवसांत पत्र्याच्या खोलीत चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून तासभर मुद्रण करणाऱ्याने सेटिंगला दोष देऊ नये.

मोबाइलच्या मुद्रणात आणखी एक छुपी खोड असते. फ्रेमचा वेग एकसारखा राहत नाही. कधी सेकंदाला ६०, कधी ५२, कधी ४०. फोनवर पाहताना काही जाणवत नाही, पण ती फाइल संपादनाला घेतली की दहाव्या मिनिटाला गोळीचा आवाज आधी आणि ठिणगी नंतर, असे होऊ शकते. यावर उपाय म्हणजे हँडब्रेक या मोफत प्रणालीतून ती एकदा काढून, फ्रेमचा वेग ‘कॉन्स्टंट’ करून घेणे. तिथेही दर्जाचा आकडा १८च्या आसपास ठेवावा. आणि फोनवरून संगणकावर फाइल नेताना व्हॉट्सॲपवरून ती व्हिडिओ म्हणून पाठवू नये, पाठवलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. नाहीतर वाटेतच तिचा एक काप निघतो. सर्वांत बरी ती यूएसबीची तारच. कारखान्यातल्या सुट्या भागाचे चित्रण गिऱ्हाइकाला पाठवणाऱ्यांनाही हे लागू आहे, हे जाता जाता.

आता डेटा. वीस मिनिटांची चित्रफीत १२ मेगाबिटने तयार केली तर ती १.८ गिगाबाइट भरते. ज्याच्या मोबाइल पॅकमध्ये दिवसाला दीड गिगाबाइट मिळतात, त्याची एक चित्रफीत म्हणजे दिवसाच्या कोट्याहून अधिक. अपलोडचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट असेल तर ती चढायला ४८ मिनिटे लागतील, वीस असेल तर बारा. हा हिशेब मांडूनच शेवटची फाइल कशी काढायची ते ठरवावे. यूट्यूबच्या शिफारशीत १०८० रेषांना तीस फ्रेमसाठी ८ मेगाबिट, साठ फ्रेमसाठी १२. ७२० रेषांना साठ फ्रेमसाठी साडेसात. १४४० रेषांना साठ फ्रेमसाठी २४ असे आकडे आहेत. डेटा मोजका असेल तर साठ फ्रेमचा हट्ट सोडून तीस फ्रेम घ्याव्यात; गोळीबाराच्या खेळात थोडी मजा कमी होते, पण गवत वाचते. आणि शेवटची फाइल काढताना घाई नसते. तिथे एक्स२६४ला ‘स्लो’ प्रीसेट देऊन रात्रभर चालू द्यावे, तेवढ्याच बिटमध्ये चित्र अधिक स्वच्छ उतरते. मुद्रणाच्या वेळी एन्कोडरकडे नसलेला वेळ इथे असतो.

ब्रॉडबँड असलेल्यांसाठी एक खुबी सांगतो. लहान वाहिन्यांच्या १०८० रेषांच्या चित्रफितींना यूट्यूब सहसा जुन्या एच.२६४मध्येच आणि हात आखडता ठेवून एन्कोड करते. तीच चित्रफीत संपादनातून १४४० रेषांची करून चढवली तर तिला बहुधा व्हीपी९ हे सरस कोडेक आणि अधिक बिट मिळतात. मुळात तपशील १०८०चाच असतो, तरीही पाहणाऱ्याला चित्र स्वच्छ दिसते. वीस मिनिटांना २४ मेगाबिटप्रमाणे ३.६ गिगाबाइट जातील, हा त्याचा खर्च.

हे सगळे वाचून कोणते आकडे बसवायचे हे कागदावर ठरत नाही. चाचणी घ्यावी लागते. आणि चाचणी नेहमी सर्वांत वाईट दृश्याची घ्यावी. आपल्या खेळातले दाट गवताचे किंवा पावसाचे ठिकाण गाठावे, एक मिनिट धावावे, झटक्याने मागे वळावे, धुराचा गोळा फेकावा. तेच मिनिट २३, २० आणि १७ अशा तीन आकड्यांवर मुद्रित करून फाइलचे आकार लिहून ठेवावेत, मग चित्र थांबवून नव्हे तर चालू ठेवून पाहावे. थांबवलेल्या फ्रेममधले ठोकळे चालत्या चित्रात अनेकदा दिसतही नाहीत. ज्या आकड्याखाली गेल्यावर फरक कळेनासा होतो तो आपला आकडा. नंतर तेच मिनिट यूट्यूबवर खासगी ठेवून चढवावे आणि फोनवर पाहावे, कारण पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात फोनच असणार. मात्र चढवल्याबरोबर पाहून निराश होऊ नये. यूट्यूब आधी कमी रेषांची प्रत दाखवते आणि वरच्या दर्जाच्या प्रती मागाहून तयार होतात; मोठ्या फाइलला त्यासाठी कित्येकदा तासाभराहून अधिक वेळ लागतो. दर्जाच्या यादीत १०८० किंवा १४४० हा आकडा दिसू लागला की मगच गवताकडे पाहावे.